सुतकाची बेरीज

डिचोलीच्या बाजारात गणेशची पिठाची गिरणी आहे. तिच्या बाजूचा अरुंद जिना चढून गेलं की वर एक खोली लागते आणि दारावर पाटी दिसते: 'विनोदिनी गावस, संगणकाची सर्व कामे'. 'सर्व कामे' ही थाप नव्हे. मुलांच्या दाखल्यांचे अर्ज भरण्यापासून दूध सोसायटीचा अख्खा प्रोग्रॅम लिहिण्यापर्यंत सगळं ह्या एका खोलीत होतं. ते करणारी बाई छप्पन्न वर्षांची आहे, कॉलेजची पायरी तिने कधी चढलेली नाही, आणि इंग्रजी शब्द अडला की अजूनही टेबलाच्या खणातला फाटका शब्दकोश काढते.

खाली उडणारं पीठ सरळ वर येतं. म्हणून कीबोर्डावर जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरलेला असतो आणि सकाळी आल्याआल्या विनोदिनी रंगाच्या ब्रशने एकेक बटण झाडते. गिरणी सुरू झाली की टेबल थरथरतं. नाचणी दळताना वेगळं आणि तांदूळ दळताना वेगळं, असं ती म्हणते. गिऱ्हाइकं हसतात. गणेशने एकदा परीक्षा घेतली होती. पाचपैकी पाच वेळा बरोबर सांगितलं तिने.

तिचं माहेर पेडण्यात, केरीला. वडील तेरेखोलच्या फेरीबोटीवर कामाला होते. लग्न होऊन ती मुळगावला आली आणि सव्विसाव्या वर्षी खाणीच्या काट्यावर चिकटली. भरलेला ट्रक काट्यावर यायचा, वजन घ्यायचं. रिकामा परत यायचा, पुन्हा वजन घ्यायचं. भरल्यातून रिकामा वजा. सतरा वर्षं तिने हीच वजाबाकी केली आणि लाल मातीने तिच्या साड्यांचे काठ कायमचे रंगले. मग खाणी बंद पडल्या. रस्त्याच्या कडेला ट्रक ताडपत्र्या पांघरून उभे राहिले आणि घराघरांतली माणसं ओट्यावर बसून राहिली. काट्याचं ऑफिस मोडताना साहेबांनी विचारलं, कुणाला काय हवं? बाकीच्यांनी शिफारसपत्रं मागितली. विनोदिनीने कंप्युटर मागितला. नवऱ्याने, दीपकने, तो चादरीत गुंडाळून स्कूटरवर मांडीत धरून घरी आणला आणि आठ दिवस सगळ्या वाड्याने, म्हणजे त्या वस्तीने, दोघांची थट्टा केली.

पुढच्या दोन वर्षांत थट्टा थांबली. त्रेचाळीस वर्षांच्या बाईने शब्दकोश मांडीवर घेऊन प्रोग्रॅम लिहायला शिकावं, हे काही रोज घडत नाही. ती शिकली तेही आपल्या हट्टाने. कसंतरी चालवून नेलेलं काम तिला बघवत नाही. 'चलता रे' म्हणणाऱ्या माणसाला ती चहासुद्धा विचारत नाही. दीपक सात वर्षांपूर्वी अचानक गेला, मुलगी सायली लग्न करून पुण्याला गेली, आणि मग ही खोली हेच विनोदिनीचं घर झालं म्हटलं तरी चालेल.

दोन वर्षांपूर्वी ह्या खोलीत कृष्णनाथ आला. मुळगावातल्या तिच्याच वाड्यावरच्या देवीच्या देवळाचा हा चिटणीस. हातात एक जाडजूड वही होती आणि चेहरा पडलेला.

मार्गशीर्षात ह्या देवीचा दिवजोत्सव असतो. वाड्यावरच्या सवाष्णी हातात दिवजं, म्हणजे पाच वातींचे मातीचे दिवे, घेऊन तिन्हीसांजेला देवळाभोवती पाच फेरे घालतात. गाभाऱ्यातल्या समईवरून पहिलं दिवज पेटवायचा मान एका घराचा. अशी बारा घरं आहेत आणि मान पाळीने फिरतो. म्हणजे एका घराला बारा वर्षांनी एकदा. पण त्या दिवशी त्या घराला सुतक असलं, तर पाळी पुढच्या घराकडे जाते आणि चुकली ती चुकली. पुन्हा बारा वर्षं थांबायचं. ह्या एका नियमावरून वाड्यावर माणसं एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलायची बंद झाली आहेत. कारण सुतक भावबंदातलं. कोण कुणाचा कितवा चुलत, तो कधी गेला, बातमी कधी आली, सुतक कधी फिटतं, हे सगळं त्या वहीत एक म्हातारे गृहस्थ लिहीत आणि तेच सांगत. ते म्हातारे त्याच वर्षी गेले आणि त्यांचं अक्षर दुसऱ्या कुणाला लागत नव्हतं.

"विनोदिनीवहिनी, ह्यां सगळां कंप्युटरात घाल," कृष्णनाथ म्हणाला. "घरात कोण गेलो काय त्याचां नाव घालूचां, आणि सुतक फिटाची तारीख सगळ्यांच्या फोनार जावची. माझ्यावांगडा भांडण नाका आणि तुझ्यावांगडा नाका."

विनोदिनी हो म्हणाली. ती दिवजं धरणाऱ्यांतली आता नव्हती. दीपक गेल्यापासून त्या संध्याकाळी ती इतर विधवा बायांबरोबर तुळशीवृंदावनामागे उभी राहते. आदल्या वर्षापर्यंत हातात दिवा घेऊन चाललेल्या बाईला पुढच्या वर्षी तुळशीमागे उभं करायचं, हे कुठल्या देवीने सांगितलं कुणास ठाऊक. देवीला विचारायला कुणी गेलेलं दिसत नाही. विनोदिनीने ह्यावर कधी चकार शब्द काढला नाही. काम घेतलं आणि नियम समजून घ्यायला देवळाच्या भटजींकडे सलग चार दिवस जाऊन बसली.

भटजी म्हातारे, कानाने थोडे मंद, पण शास्त्रात पक्के. मृत्यूचं सुतक दहा दिवस. अकराव्या दिवशी न्हाऊन मोकळं. ते चालू असताना भावबंदात आणखी कुणी गेलं, तर नव्याने दहा दिवस धरायचे नाहीत. पहिलं फिटतं त्याच्याबरोबरच दुसरंही फिटतं. मात्र दुसरं नेमकं शेवटच्या दिवशी आलं, तर वर दोन दिवस. जन्माचं सोयर मृत्यूच्या सुतकात विरून जातं, उलट मात्र होत नाही.

"म्हणजे भटजी, दहा आणि दहा दहाच?" विनोदिनीने विचारलं.

"दहाच. नायतर मोठ्या भावबंदान न्हावचां कधी आणि जेवचां कधी?"

विनोदिनीला ह्याची फार मौज वाटली. काट्यावरच्या सतरा वर्षांत दहा आणि दहा वीसच व्हायचे. इथे एक बेरीज अशी निघाली, जिचं गणित माणसांच्या सोयीने आणि मायेने ठरलेलं होतं.

ती ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहिते, त्या भाषेत चिन्हांचे अर्थ बदलता येतात. अधिकचं चिन्ह म्हणजे बेरीज हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण ह्या भाषेला सांगता येतं, की ह्यापुढे ह्या कागदावर अधिकचा अर्थ मी सांगेन तो. दुसऱ्या कुणी असली भानगड केली नसती, तो लांबलचक वेगळी कृती लिहून मोकळा झाला असता. विनोदिनीला ते पटेना. लोक बोलताना काय म्हणतात? एका सुतकात दुसऱ्याची भर पडली. मग कागदावरही 'सुतक अधिक सुतक' असंच दिसलं पाहिजे, आणि उत्तर भटजी देतील तेच आलं पाहिजे.

तिने अधिकचा नवा अर्थ लिहिला, बटण दाबलं, आणि कंप्युटर अडकला. पंखा घरघरू लागला, पडदा गोठला. गिरणीच्या थरथरीने काही ढिलं झालं असेल म्हणून तिने जिन्यातून ओरडून गणेशला गिरणी थांबवायला लावली. कुणाचा तरी गहू अर्धा दळून तसाच राहिला आणि गिऱ्हाईक खाली बडबडू लागलं. कंप्युटर हलला नाही. गणेश हे अजून ऐकवतो.

कंप्युटर अडकला होता तो अधिकवरच. सुतक कधी फिटतं हे सांगायचं तर दिवस मोजायला हवेत. दिवस मोजायला अधिक हवं. आणि अधिकचा अर्थ तर तिने बदललेला. म्हणजे नवं अधिक आपलं काम करायला अधिकला हाक मारी, ती हाक त्यालाच ऐकू येई, मग ते पुन्हा हाक मारी. तीन दिवस विनोदिनी भाषेचं पुस्तक आणि शब्दकोश घेऊन बसली. चौथ्या दिवशी सकाळी ती जिना उतरून गणेशसमोर उभी राहिली तेव्हा चेहऱ्यावर पीठ आणि समाधान दोन्ही होतं.

"गणेशा, वाड्यार गणेश किती?"

"दोन. मी आणि तो पाववालो पोदेर."

"नुसतां 'गणेश' म्हणून हाक मारली तर?"

"जो जवळ आसता तो ओ देता."

"आणि गिरणीवालो गणेश म्हटलां तर?"

"मीच येतलंय. आणि कोण येतलो?"

"तसांच तां," म्हणून ती पुन्हा वर गेली. गणेशला काही कळलं नाही, पण त्याने मान डोलावली.

जुनं अधिक कुठे गेलेलं नव्हतं. त्याला त्याच्या पूर्ण नावाने, घराण्यासकट हाक मारली की ते येतं आणि आपली साधी बेरीज करून देतं. नुसतं अधिक म्हटलं तर नवं येतं. दोन्ही एकाच कागदावर नांदू शकतात. कुणाला कधी बोलवायचं एवढं लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवायचं. विनोदिनीने नव्या अधिकच्या पोटात जुन्याला पूर्ण नावाने बसवलं. नवं सुतकांची बेरीज करी आणि जुनं आत बसून मुकाट्याने दिवस मोजी. तिने वीस उदाहरणं घालून पाहिली. वीसही उत्तरं भटजींच्या उत्तरांशी जुळली.

पण तीन दिवसांच्या त्या प्रकाराने ती धास्तावली होती. पुन्हा अडकायला नको म्हणून उरलेल्या कामात जिथे जिथे अधिक आलं आणि जरा शंका वाटली, तिथे तिने पूर्ण नाव लिहून टाकलं. ही धास्तीच पुढे नडली.

पुढची दीड वर्षं छान गेली. कुणी वारलं की कृष्णनाथ नाव घाली आणि घराघरांतल्या फोनवर तारीख येई. भांडणं संपली. लोक भटजींना विचारायचे बंद झाले. पेडण्याच्या एका देवळाची माणसंही असाच प्रोग्रॅम मागायला येणार होती, आणि कृष्णनाथ छाती फुगवून फिरत होता.

ह्या मार्गशीर्षात पाळी परबांच्या घराची होती. परबांच्या घरात आता दोघंच. जयवंत परब शहात्तर वर्षांचे, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. त्यांची बायको सुलोचना अडुसष्टची. लग्न होऊन अठ्ठेचाळीस वर्षं झाली आणि पहिलं दिवज तिने एकदाही धरलेलं नव्हतं. आधीच्या पाळ्या सासूने धरल्या. सासू गेल्यावरची पहिली पाळी बारा वर्षांपूर्वी आली, तेव्हा उत्सवाच्या चार दिवस आधी दीर गेले. सुलोचनेने त्या वर्षी आणलेली हिरवी साडी घडी न मोडता पेटीत ठेवून दिली. आता पुन्हा बारा वर्षं थांबायचं म्हणजे तिला ऐंशी होतील आणि जयवंत अठ्ठ्याऐंशीचे. डॉक्टर जयवंतांबद्दल बोलताना महिन्यांच्या पुढचं काही बोलत नाहीत. आणि जयवंत नसले, तर हातात दिवज नाही. जे काय व्हायचं ते ह्याच वर्षी, हे सुलोचना जाणून होती आणि सगळा वाडाही जाणून होता.

उत्सवाला बारा दिवस असताना जयवंतांचे एक चुलतभाऊ वारले. सुलोचनेने बोटांवर मोजलं. दहा दिवस सुतक, अकराव्या दिवशी न्हाण, तेराव्याला दिवजोत्सव. सुटली. पण सहाव्या दिवशी पेडण्याहून फोन आला, तिकडचे दुसरे चुलतभाऊ गेले. कृष्णनाथने नाव घातलं आणि फोनवर तारीख आली: परबांचं सुतक सोळाव्या दिवसापर्यंत. पाळी पुढच्या घराकडे, म्हणजे रत्ना नाईकच्या घराकडे गेली. रत्नाने आपला मान सुनेला, सेजलला, द्यायचं ठरवून दुसऱ्याच दिवशी तिला नवी साडी आणली आणि सुनेच्या माहेरी आवतण धाडलं.

नवव्या दिवशी विनोदिनी परबांकडे विचारपूस करायला गेली. जयवंत डायलिसिसहून येऊन निजले होते. सुलोचना खिडकीकडे खुर्ची ओढून बसली होती.

"वाईट झालां गो," विनोदिनी म्हणाली.

"होय. माणसां गेली, त्यांचां वाईट. पाळयेचां काय," सुलोचना म्हणाली. मग सहज बोलल्यासारखं म्हणाली, "आमच्या सासूच्या येळार दोन सुतकां एकाच न्हाणात फिटायची. आता बदललां आसतलां. तुझो कंप्युटर सांगता तां खरां."

 विनोदिनी मनात दिवस मोजत तशीच उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गिरणी उघडायच्या आधी खोलीवर होती. ब्रशने बटणं झाडली नाहीत, कपडा बाजूला फेकला आणि प्रोग्रॅम उघडला. नवं अधिक तपासलं, बिनचूक होतं. पुन्हा तपासलं; बिनचूक. मग घराच्या चालू सुतकात नवं सुतक मिळवणारी ओळ काढली. ह्या ओळीत नव्या अधिकने यायचं होतं. तिथे उभं होतं जुनं, पूर्ण नाव लावून. तिनेच बसवलेलं. त्याने आपलं काम चोख केलं होतं: झालेले सहा, नवे दहा, सोळा. दीड वर्षात एकाच घरात दोन सुतकं कधी एकत्र आली नाहीत, म्हणून ते कुणाला दिसलं नव्हतं. नव्या अधिकची वीस वेळा परीक्षा घेणाऱ्या विनोदिनीने ह्या एका ओळीची एकदाही घेतली नव्हती.

तिने पूर्ण नाव खोडून नुसतं अधिक ठेवलं. उत्तर आलं: दहा. सुलोचनेचं सुतक आज फिटत होतं.

ती स्कूटर काढून आधी भटजींकडे गेली. "दुसरां सहाव्या दिवसा आयलां तर?" तिने मोठ्याने विचारलं.

"पयल्यावांगडा फिटता. चार दिवस बसून तुका ह्यांच नाय सांगलां?"

"मगे फोनार सोळा आयलां तेवा बोललात कित्या नाय?"

भटजी ओशाळले. "माका वाटलां, कंप्युटरात काय नवीन शास्त्र आयलां आसतलां. तू शिकलली बाई. मी म्हातारो कित्या मध्ये पडू?"

विनोदिनीला रडावं की हसावं कळेना. सुलोचनेला वाटलं शास्त्र बदललं, भटजींना वाटलं विनोदिनीला जास्त कळतं, कृष्णनाथला वाटलं मशीन चुकत नाही. सगळ्यांनी विनोदिनीवर भरवसा टाकला होता, आणि त्या भरवशाच्या खाली एका बाईचा अठ्ठेचाळीस वर्षांचा मान दबून चालला होता.

कृष्णनाथने सगळं ऐकून डोक्याला हात लावला. "वहिनी, आता रत्नाच्या घरात पावणे येवक लागले. एक करूया. कंप्युटर बिघडलो म्हणून सांगूया. मशीन तां, कोण काय बोलूचो नाय. पेडण्याचे लोक आयतवारी येतत, तुझी चूक म्हणून सांगलां तर ते आल्या पावली जातले."

"मशीन चुकूक नाय, कृष्णनाथ. मी सांगलां तांच त्याणां केलां," विनोदिनी म्हणाली. "आज मशीन चुकलां म्हणून सांगलां तर फाल्यां खरी तारीख आयली तरी लोक म्हणतले, मशीन चुकलां आसतलां. मग परत भांडणां. संध्याकाळी बाराय घरांक देवळात बोलाव."

असं म्हणायला धाडस लागतं. वाड्यावर दीड वर्षात तिचं जे नाव झालं होतं, ते तिने चाळिशीनंतर शब्दकोशातून एकेक शब्द वेचून मिळवलेलं होतं. ते सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने खाली ठेवायचं होतं.

संध्याकाळी सभामंडप भरला. परबांकडून कुणी येणार नव्हतंच, सुतक ना. विनोदिनी खांबाजवळ उभी राहिली आणि तिने सरळ सांगितलं. बेरजा दोन तऱ्हेच्या आहेत. दिवसांची वेगळी, सुतकांची वेगळी. दोन्ही लागतात. जिथे सुतकांची हवी होती तिथे मी दिवसांची घातली. परबांचं सुतक आज फिटतं. पाळी सुलोचनेची. चूक माझी आहे, यंत्राची नाही, कृष्णनाथची नाही.

 मग रत्ना नाईक उठली. रत्नाचा आवाज असा की देवळाच्या घंटेची गरज पडू नये.

"आणि आमी काय करूचां? सुनेच्या माहेरची धा माणसां येतत. साडी हाडली, सगळ्या वाड्यान बघली. आता तोंड खंय दाखवू? तुझी चूक आणि फजिती आमची?"

"होय," विनोदिनी म्हणाली. "तुझां खरां आसा. सेजलाच्या माहेराक मी फोन करतंय, माझ्या तोंडान सांगतंय. पण रत्ना, परबांनी औंदा पाळी घेतली तर तुझी फुडल्या वर्सा आसा. सेजल सव्वीस वर्सांची. सुलोचनेक फुडली पाळी बारा वर्सांनी."

रत्ना खाली बसली. ती भांडखोर आहे, पण जयवंतांना दवाखान्यात न्यायला तिचाच मुलगा गाडी काढतो. शेवटी तिने पदर झटकला.

"फोन नाका करू. मीच सांगतंय त्यांका. आणि उद्या सकाळी सुलोचनेक न्हावक पाणी मीच तापवून घालतंय. नायतर ती म्हणतली, नाका गो, कोणाक त्रास नाका. तिका वळखतंय मी."

आणि तिने खरंच तसं केलं. अकराव्या दिवशी सकाळी परबांच्या न्हाणीत रत्नाने दोन बाल्द्या कढत पाणी ओतलं आणि सुलोचनेला म्हणाली की आता रडत बसू नकोस, पाणी निवतंय. पेटीतली हिरवी साडी बारा वर्षांनी घडी मोडून दोरीवर टाकली. पेडण्याच्या माणसांना कृष्णनाथने रविवारी खरं ते सांगितलं. ती विचार करून कळवतो म्हणून गेली. अजून त्यांचा फोन आलेला नाही.

उत्सवाच्या संध्याकाळी देवळाचं अंगण बायांनी भरून गेलं. सव्वाशे तरी दिवजं असतील. जयवंतांना खुर्चीत बसवून दारापाशी आणलं होतं. सुलोचना गाभाऱ्यातून बाहेर आली तेव्हा तिच्या हातातल्या पाचही वाती पेटलेल्या होत्या आणि ती कुणाकडेच बघत नव्हती, फक्त ज्योतींकडे. तिच्या मागून रत्ना, सेजल, आणि मग सगळ्यांची रांग. रीतच अशी आहे की पहिलं दिवज थांबलं तर रांग थांबते. पुढे जायचा हक्क कुणालाच नाही.

पहिला फेरा झाला, दुसरा झाला. विनोदिनी तुळशीवृंदावनामागे आपल्या नेहमीच्या जागी उभी होती. तिसऱ्या फेऱ्याला सुलोचना तुळशीपाशी आली आणि वाट सोडून सरळ तिच्यासमोर येऊन उभी राहिली. मागची सव्वाशे दिवजं थबकली. ढोल वाजवणारा गोंधळून थांबला.

"तेल घाल गो," सुलोचना म्हणाली. "वात बारीक झाली."

वात बारीक झालेली नव्हती, हे सगळ्यांना दिसत होतं. विनोदिनीने हात मागे घेतले. "माका नाका सांगू. मी कशी घालू? रत्नाक सांग."

"तुका सांगतंय."

 भटजी पायरीवर उभे होते. त्यांच्याकडे दहा-बारा माना वळल्या. भटजींनी उगीच जानवं सारखं केलं आणि बरं ऐकू येत नसल्यासारखे देवळाच्या शिखराकडे बघू लागले. सुलोचना हलली नाही. अठ्ठेचाळीस वर्षं जी बाई कुणाला त्रास नको म्हणून मागे सरली, ती आज अख्खा वाडा अडवून उभी होती, आणि तिला हलवायचा अधिकार त्या एका संध्याकाळी कुणालाही नव्हता.

तेलाची बुधली रत्नाकडे होती. तिने ती विनोदिनीच्या हातात कोंबली.

"घाल गो वेगीन," रत्ना म्हणाली, "आमचे हात भाजतत."

विनोदिनीने दोन्ही हातांनी बुधली धरली. पहिली धार बाहेर सांडली, सुलोचनेच्या हिरव्या साडीवर. दुसरी वातीवर पडली. पाचही वातींना तिने तेल घातलं, एकेक करून. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते तसंच गालावरून वाहू दिलं. सुलोचनेने मान हलवली आणि वळली, ढोल पुन्हा सुरू झाला, आणि रांग चौथ्या फेऱ्याला लागली.